हाडाची घडण आणि रक्ताची वाट

हाडाचा शेतकरी, हाडाचा शिक्षक असे आपण म्हणतो, तेव्हा जे कधी बदलावयाचे नाही तेच आपल्या मनात असते. प्रत्यक्षात हाड अहोरात्र बदलत असते. ते झिजते, नव्याने भरते आणि मोडले तर बहुधा आपले आपणच सांधते. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्याने १६९१ साली हाडातील ज्या सूक्ष्म मार्गांचे वर्णन केले, त्यांतून रक्तवाहिन्या वाहत असतात. हाड हे दगडाचे नव्हे, रक्ताचे अपत्य आहे.

परंतु अपघातात हाडाचा मोठा तुकडाच नाहीसा झाला, किंवा गाठीमुळे तो काढून टाकावा लागला, तर ती पोकळी आपोआप भरत नाही. अशा वेळी शल्यवैद्य रोग्याच्याच कमरेचे हाड काढून तेथे बसवितात. पण कमरेतून घेऊन घेऊन किती घ्यावयाचे? शिवाय एक जखम भरण्यासाठी दुसरी करावी लागते, ती वेगळीच. यातूनच नवे हाड घडविण्याची कल्पना पुढे आली.

१९६५ साली मार्शल युरिस्ट या अमेरिकन शल्यवैद्याने एक नवल दाखवून दिले. खनिजे काढून टाकलेल्या हाडाचा तुकडा प्राण्याच्या स्नायूत ठेवला असता तेथे, म्हणजे जेथे हाडाचे कामच नाही तेथे, नवे हाड तयार झाले! पेशींना ‘हाड घडवा’ असा हुकूम देणारी प्रथिने त्या तुकड्यात होती. त्यांना आज ‘बीएमपी’ म्हणतात. अशा प्रथिनांना वृद्धिघटक ही संज्ञा आहे. १९८८ साली त्यांची जनुके हाती आली आणि २००२ साली त्यांपैकी एकाला कण्याच्या विशिष्ट शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र मानेच्या शस्त्रक्रियेत, मान्यता नसताना, त्याचा वापर झाला तेव्हा काही रोग्यांच्या गळ्याला जिवावर बेतणारी सूज आली, आणि २००८ साली तेथील शासनाला जाहीर इशारा द्यावा लागला.

हुकूम मिळाला तरी पेशींना जगावयास हवे. केशवाहिनीपासून मिलिमीटरचा दहावा-पाचवा हिस्सा एवढ्याच अंतरापर्यंत प्राणवायू पुरेसा झिरपतो. त्यामुळे सच्छिद्र सांगाड्यावर पेशी पेरून तो शरीरात बसविला, तरी रक्त वेळेवर पोचले नाही तर आतल्या पेशी मरतात. रक्तवाहिन्यांना अंकुर फोडणारा ‘व्हीईजीएफ’ हा वृद्धिघटक म्हणूनच महत्त्वाचा. १९९९ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी वाढत्या वयाच्या उंदरांत तो रोखून धरला. वाहिन्या कूर्चेत शिरेनात आणि हाडाची घडण खुंटली. रोध उठताच वाहिन्या शिरल्या, काम पुन्हा सुरू झाले. पुढे २०१४ साली जर्मनीतील म्यून्स्टर येथे अंजली कुसुंबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हाडात विशिष्ट जातीच्या केशवाहिन्या दाखविल्या. हाड घडविणाऱ्या पेशींची गर्दी नेमकी त्यांच्याभोवतीच असते.

आम्हां शासकीय कामकाजातल्या माणसांना यात एक ओळखीची गोष्ट दिसते. नवी वसाहत वसविताना घरे आधी उठली आणि रस्ता नि पाणी मागाहून आले, तर घरे ओस पडतात. पण नुसती घाई करूनही भागत नाही. व्हीईजीएफ फाजील झाला तर वाहिन्या कच्च्या, गळक्या निपजतात. म्हणून तो आधी आणि थोडा, हाड घडविणारा घटक मागाहून आणि सावकाश पाझरेल, असे सांगाडे प्राण्यांवर अजमावले जात आहेत.

ज्याचे पोट त्याच्या पायांवर चालते, अशा मजुराला महिनोन् महिने खाटेवर पडून राहणे परवडत नाही. त्याला उद्या हाड हवे आहे. आणि विज्ञान त्याला आज धीर धरावयास सांगते. हा धीर अनाठायी नव्हे. ज्या हाडात रक्ताची वाट पोचली, तेच हाड त्याच्या ओझ्याखाली टिकणार आहे.