अनाहूत पत्रांचा भार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी संतवाङ्मय, नाट्य वा संगीत यांपैकी एखादा विषय वक्त्याच्या वाट्याला यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. कार्यवाहांनी माझ्यासाठी योजलेला विषय मात्र अगदी रोजच्या व्यवहारातला आहे. संगणकावर आणि मोबाइलवर न मागता येऊन पडणारी जाहिरातींची ई-मेल, त्यांचा भार आणि त्यांना आवर घालण्याचे उपाय, यांविषयी मी बोलावे अशी त्यांची इच्छा आहे. विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु महाराष्ट्रापासून दूर राहून ज्या मंडळाने पन्नास वर्षे निमंत्रणपत्रे आणि परिपत्रके यांच्या आधारे आपली माणसे एकत्र ठेवली, त्या मंडळात पत्रव्यवहाराच्या शिस्तीची चर्चा अस्थानी ठरू नये.

येथील ज्येष्ठांना ‘नॉटपेड’ पत्र आठवत असेल. तिकीट न लावता, किंवा कमी किमतीचे लावून, कोणी पत्र पेटीत टाकले तर ते पोचत असे खरे. पण कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याला मोजावे लागत. तरीही घेणाऱ्याच्या हाती एक अधिकार होता. पाकीट उलटसुलट करून पाहावे, अक्षर ओळखीचे नसेल तर पोस्टमनला सांगावे, “परत न्या.” आज आपल्या ई-मेलच्या पेटीत रोज येणारी जाहिरातपत्रे ही या नॉटपेड पत्रांचीच नवी जात आहे, फक्त ती दारातून परत पाठविण्याचा अधिकार आपल्याकडे उरलेला नाही. लाभ पाठविणाऱ्याचा आणि भुर्दंड घेणाऱ्याचा, या विपर्यासात साऱ्या उपद्रवाचे मूळ आहे. म्हणून त्यावरील उपायही दोनच दिशांनी शोधावे लागतात. पाठविण्याचा भार पाठविणाऱ्याच्याच पदरी टाकणे ही एक दिशा, आणि ज्याचे दार ठोठवायचे त्याची संमती आधी घेणे ही दुसरी.

टपालाच्या इतिहासात हा प्रश्न पूर्वी एकदा सुटला होता. इंग्लंडमध्ये 1840 पूर्वी पत्राचे पैसे बहुधा घेणाराच देत असे. रोलंड हिल यांच्या योजनेनुसार त्या वर्षी टपालाचे तिकीट आले आणि ‘जो धाडील त्याने भरावे’ हे तत्त्व रूढ झाले. आपल्या देशात 1854 पासून देशव्यापी तिकिटांनी हीच व्यवस्था आणली. तिकिटाचा मोठा गुण असा, की ते पाठविणाऱ्याला क्षणभर विचार करावयास लावते. ‘हे पत्र वाचून आणखी अकरा जणांना पाठवा, अन्यथा अनर्थ ओढवेल’ अशी साखळीपत्रे आपल्यापैकी अनेकांना आलेली असतील. ती अकरांवर थांबत, अकरा हजारांवर जात नसत. कारण प्रत्येक पोस्टकार्डाला पैसे पडत. पुढे छापील मजकुराच्या आणि स्पर्धांच्या पोस्टकार्डांना टपाल खात्याने साध्या कार्डाहून अधिक दर लावला, तोही याच न्यायाने. घरच्या खुशालीचे पत्र आणि व्यापाराचे पत्र यांत भेद करणे खात्याला रास्त वाटले.

ई-मेलने हा भेद पुसून टाकला. अमेरिकेत संरक्षण खात्याच्या साहाय्याने उभारलेल्या आर्पानेट या संगणकजाळ्यावर ती जन्माला आली, तेव्हा तिचे वापरणारे मूठभर संशोधक होते आणि बहुतेक एकमेकांस ओळखत होते. तरीही जॉन पोस्टेल या संगणकशास्त्रज्ञाने नोव्हेंबर 1975 मध्येच एका छोट्या टिपणात इशारा दिला होता, की नको असलेला मजकूर नाकारण्याची सोय या जाळ्यात नाही. म्हणजे हे मंडळ आणि हा इशारा जवळजवळ एकाच वयाचे आहेत! इशारा खरा ठरण्यास तीन वर्षेही लागली नाहीत. 3 मे 1978 रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे विक्री-अधिकारी गॅरी थर्क यांनी आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकांचे निमंत्रण सुमारे 400 जणांना एकदम धाडले. जाळ्याच्या चालकांनी समज दिली आणि प्रकरण मिटले. परंतु 1982 साली पोस्टेल यांनीच लिहिलेले ई-मेलचे नियम सर्वत्र रुजले, तेव्हा त्यांतही पाठविणारा खरोखर तोच आहे काय, हे तपासण्याची तरतूद नव्हती. पाकिटाच्या पाठीवर कोणीही कोणाचेही नाव लिहावे आणि टपालाने ते निमूटपणे पोचवावे, असा हा कारभार होता.

या पत्रांना ‘स्पॅम’ हे नाव कसे पडले, तेही मनोरंजक आहे. स्पॅम हे 1937 पासून अमेरिकेत मिळणाऱ्या डबाबंद मांसाचे नाव. माँटी पायथन या इंग्रजी विनोदी नटमंडळींनी 1970 साली एक प्रहसन केले. त्यातील उपाहारगृहात कोणताही पदार्थ मागा, त्यात स्पॅम असायचेच, आणि शेवटी त्या एका शब्दाच्या घोषात बाकीचे बोलणे ऐकूच येईनासे होई. नको असलेल्या मजकुराने कामाचा मजकूर बुडवावा, याला याहून समर्पक नाव मिळाले नसते. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, आणि काही वर्षांतच हा पाहुणाही घरोघर पोचला. आज जगातील एकूण ई-मेलपैकी जवळजवळ निम्मी या जातीची असावीत, असे सुरक्षा-क्षेत्रातील कंपन्यांचे अंदाज आहेत.

“डिलीट केले की झाले, एवढा बाऊ कशाला?” असे कोणी म्हणेल. एक साधे गणित मांडून पाहू. रोज 30 अनाहूत पत्रे येतात आणि प्रत्येकाला 4 सेकंद लागतात, असे धरा. रोजची 2 मिनिटे झाली, वर्षाचे 12 तास. मंडळाची 300 कुटुंबे धरली आणि प्रत्येक घरातील एकच व्यक्ती मोजली, तरी वर्षाला 3,650 तास होतात. एवढ्या तासांत मंडळाचे ग्रंथालय पुन्हा नव्याने लावून होईल. शिवाय वेळेची हानी ही त्यातल्या त्यात लहान. कचरा गाळणारी यंत्रणा कधी कधी खऱ्या पत्रालाही कचरा समजते. मुलाखतीचे बोलावणे, रुग्णालयाचा अहवाल, किंवा परगावी गेलेल्या मुलाचे पत्र त्या ढिगाऱ्यात जाऊन पडते, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला ते कळतही नाही. याच वाटेने ठकसेनही येतात. बँकेच्या किंवा पेन्शन कार्यालयाच्या नावाने आलेल्या पत्रावर विश्वास ठेवून आयुष्यभराची पुंजी गमावण्याचा धोका आपल्या निवृत्त सभासदांना अधिक आहे.

मग ही पत्रे पाठविणाऱ्याला परवडते तरी कसे? 2008 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी याचा छडा लावला. लोकांच्या नकळत त्यांचे घरगुती संगणक ताब्यात घेऊन पत्रे धाडणाऱ्या एका जाळ्यात त्यांनी चतुराईने शिरकाव केला. 26 दिवसांत औषधांच्या जाहिरातीची सुमारे 35 कोटी पत्रे गेली आणि त्यांतून अवघे 28 जण खरेदीच्या अखेरच्या पायरीपर्यंत आले. म्हणजे सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक! कोणत्याही पेढीचे दिवाळे निघावे असे हे प्रमाण आहे. पण संगणक दुसऱ्याचा, वीज दुसऱ्याची आणि वेळही दुसऱ्याचा असला, की सव्वा कोटीत एक गिऱ्हाईकही नफ्याचे ठरते.

म्हणून उपायांचा विचार करताना प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारावा: याने पाठविणाऱ्याचा भार वाढतो काय? सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या संशोधकांनी 1992 साली एक कल्पना मांडली. प्रत्येक पत्रामागे पाठविणाऱ्याच्या संगणकाला एक लहानसे गणित सोडवायला लावावे. एका पत्राला ते जाणवणार नाही, कोटी पत्रांना मात्र जड जाईल. हे गणिताचे तिकीटच होय. कल्पना सुंदर होती. परंतु चोरलेल्या संगणकावर चोरच स्वार असेल, तर हे तिकीटही दुसऱ्याच्या खिशातून जाते. 2004 च्या जानेवारीत बिल गेट्स यांनी डाव्होस येथे सांगितले होते, की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. ती दोन वर्षे कधीच उलटून गेली.

मात्र निराश होण्याचेही कारण नाही. नोव्हेंबर 2008 मध्ये कॅलिफोर्नियातील मॅककोलो या एका कंपनीची इंटरनेट-जोडणी तोडण्यात आली, आणि जगभरातील स्पॅम काही काळ निम्म्याहून कमी झाले. 2011 सालच्या एका संशोधनात आढळले, की अशा पत्रांतून विकली जाणारी औषधे, नकली वस्तू आणि संगणकप्रणाली यांपैकी 95 टक्क्यांचे पैसे मूठभर बँकांमार्फत वसूल होतात. उपद्रव कोट्यवधी पेट्यांत पसरलेला दिसला, तरी त्याच्या नाड्या थोड्या हातांत असतात. त्या नाड्या आवळल्या तर पाठविणाऱ्यालाच झळ लागते. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल व याहू यांनी घाऊक पत्रे धाडणाऱ्यांवर काही बंधने घातली, तीही याच जातीची आहेत. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला 5,000 हून अधिक पत्रे धाडणाऱ्याने आपली ओळख सिद्ध करावी, एका कळीने नाव काढून टाकण्याची सोय द्यावी, आणि तक्रारींचे प्रमाण हजारात तीनपेक्षा खाली राखावे, असा दंडक आहे.

कायद्याकडे वळले, तर जगात दोन पंथ दिसतात. अमेरिकेच्या 2003 च्या कायद्याने व्यापाऱ्याला आधी पत्र धाडण्याची मुभा दिली. नको असेल त्याने नंतर कळवावे. युरोपीय संघाने 2002 च्या निर्देशात आणि कॅनडाने 2014 पासून अमलात आणलेल्या कायद्यात आधी संमती, मग पत्र असा क्रम ठेवला. पहिल्या पंथात हजार दुकानदारांना हजार वेळा ‘नको’ म्हणण्याचे ओझे आपल्यावर पडते. दुसऱ्यात ‘घेता का?’ असे विचारण्याचे ओझे त्यांच्यावर राहते. न्याय कोठे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आपल्या देशात फोन आणि एसएमएस यांच्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2007 पासून नियम केले आणि 2018 मध्ये ते अधिक कडक केले. 1909 या क्रमांकावर नकार नोंदविता येतो. ई-मेल मात्र या नियमांच्या कक्षेबाहेर आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 अ मध्ये त्रासदायक ई-मेलचा उल्लेख होता. परंतु ‘त्रासदायक’ या ढगळ शब्दाचा आधार घेऊन लोकांच्या मतप्रदर्शनावरच घाला पडू लागला. 2012 साली आपल्या महाराष्ट्रातील पालघर येथे दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली, ती याच कलमाखाली. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले आणि ते योग्यच झाले. त्यातून घ्यावयाचा बोध असा, की कायद्याने लोकांच्या रागालोभाच्या मोजमापात न शिरता घाऊक व्यापारी पत्र आणि संमतीचा अभाव, या दोन ठोस गोष्टींवर बोट ठेवावे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमतीचे तत्त्व आले आहे; संमती देण्याइतकेच ती काढून घेणे सोपे असावे, असे तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. त्यांचा उपयोग नागरिक किती जागरूकपणे करतात, यावर पुष्कळ अवलंबून राहील.

आता आपल्या हातातील गोष्टी. अनोळखी पत्राला उत्तर देऊ नये. त्यातील ‘नाव काढा’ ही कळही दाबू नये, कारण त्यामुळे हा पत्ता जिवंत असल्याची खात्री पटते. ओळखीच्या दुकानाचे पत्र असेल, तर मात्र नाव अवश्य काढून घ्यावे. नुसते डिलीट न करता ‘स्पॅम’ म्हणून नोंद करावी, कारण तक्रारींच्या मोजणीत तिला किंमत आहे. बिल करताना दुकानदाराने ई-मेल मागितली, तर ‘कशासाठी?’ असे विचारण्याचा संकोच नसावा. पैशांची फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता 1930 या क्रमांकावर कळवावे.

आणि अखेरीस एक विनंती थेट या व्यासपीठाला. स्मरणिकेच्या शेवटी सर्व सभासदांची नावे, पत्ते, दूरध्वनी आणि आता ई-मेलही छापण्याची आपल्या मंडळांची जुनी प्रथा आहे. एकेकाळी परमुलखात नव्याने आलेल्या मराठी माणसाला ती यादी म्हणजे मोठा आधार होती. आज तीच यादी जाहिरातदारासाठी आयती पेरलेली शेती आहे. तेव्हा या स्मरणिकेत नावे आणि वस्ती एवढेच छापावे. बाकीचा तपशील कार्यालयातील वहीत राहावा आणि सभासदाला विचारूनच दुसऱ्या सभासदाला द्यावा. सर्वांना एकदम ई-मेल धाडताना पत्ते ‘बीसीसी’त घालावेत, म्हणजे ते एकमेकांस दिसणार नाहीत. जाहिरात देणाऱ्या पेढीने स्मरणिकेतील एका पानाच्या मोबदल्यात सभासदांची यादी मागितली, तर पान कोरे राहिले तरी चालेल, पण यादी देऊ नये. आणि मंडळाची पत्रे नको असतील, त्याला ती थांबविण्याचा मार्ग प्रत्येक पत्राच्या तळाशी दिलेला असावा. संमती आधी आणि पत्र नंतर, हा नियम जे स्वतः पाळतात त्यांनाच तो दुसऱ्याकडून मागता येतो.

हे ठराव करावयास दिल्लीतील कायद्याची वाट पाहावी लागत नाही. कार्यकारिणीची एक बैठक पुरेशी आहे. पुढील सर्वसाधारण सभेपूर्वी ती व्हावी, एवढी आशा व्यक्त करतो.