शिकाऊ उमेदवारी आणि गावची मुले



शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ हा १ मार्च १९६२ रोजी अंमलात आला. त्याच वर्षी १ ऑगस्टला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे तालुक्या-तालुक्यांत कारखाने उभे राहिले. जमीन गावाची गेली. परंतु कारखान्याचे दार गावच्या मुलांसाठी उघडले काय, हा प्रश्न उरतोच.

कंत्राटी कामगार धरून ३० किंवा अधिक कर्मचारी असणाऱ्या आस्थापनेने त्या संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्यांना दरमहा विद्यावेतन द्यावे लागते. नगावर मोबदला देता येत नाही, कारण ते शिकावयास आलेले असतात. ही तरतूद मोठ्या शहाणपणाची! उन्हाळ्याच्या सुटीत मजुरीला जाणाऱ्या मुलाला बिनपैशाचे शिक्षण परवडत नाही. एस.टी.चे भाडे आणि दुपारचा डबा येथेच त्याचे घोडे अडते. विद्यावेतन हा काही मालकाचा उपकार नव्हे.

मात्र उमेदवार स्थानिकच असावेत, असे हा अधिनियम म्हणत नाही. ते काम ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनीच अंगावर घ्यावयाचे आहे. बारावीचा आणि आय.टी.आय.चा निकाल लागताच इच्छुक मुला-मुलींची यादी करावी, ती ग्रामसभेत वाचावी आणि सरपंचांनी ती घेऊन जवळच्या कारखान्याच्या व्यवस्थापकांची भेट घ्यावी.