स्वस्त दर आणि शिकलेला हात

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



 माझा व्यवसाय धुण्याचा. धुणे म्हणजे कपड्यांचे नव्हे. पाण्याच्या टाक्या, गच्च्या, जिने, वाहने लावण्याच्या जागा आणि इमारतींच्या भिंती जोराच्या पाण्याने धुऊन देण्याचा. गेली चौदा वर्षे मी पुण्यात हे काम करते. माझ्याकडे अकरा माणसे आहेत आणि त्यांत चार बायका आहेत. आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या सोसायटीत अशी माणसे वर्षातून एक-दोनदा येत असतील. ती काय करतात, त्यांना ते कोणी शिकवले आणि कोणाला बोलवायचे हे आपण कशावरून ठरवतो, एवढ्याच तीन गोष्टी मी आज सांगणार आहे.

आधी यंत्राविषयी थोडेसे. आपण त्याला प्रेशर मशीन म्हणतो. गरम पाण्याने धुणारे असे पहिले युरोपीय यंत्र जर्मनीत आल्फ्रेड कार्चर यांनी १९५० साली तयार केले. १९५९ साली ते वारले आणि कारखान्याची धुरा त्यांच्या पत्नी आयरीनबाईंनी उचलली. १९८९ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, त्यांनी तो कारभार सांभाळला आणि कारखाना परदेशांत पोहोचवला. हे मी मुद्दाम सांगते. कारण ‘हे यंत्राचे काम, बायकांचे नव्हे’ असे मला आजही तोंडावर ऐकवले जाते.

या पाण्याला जोर किती असतो? तीन मजल्यांच्या इमारतीच्या गच्चीवर टाकी असली, तर तळमजल्याच्या नळाला साधारण एक बार दाब मिळतो. घरी गाडी धुण्याचे लहान यंत्र शंभर-सव्वाशे बारचे असते आणि आमच्यासारख्यांचे दीडशे-दोनशे बारचे. म्हणजे नळाच्या दीडशे-दोनशे पट! पाणी मात्र त्या मानाने थोडे लागते. दहा-पंधरा वर्षांचे शेवाळ खराट्याने घासून जे निघत नाही, ते या यंत्राने पाहता पाहता निघते. म्हणूनच पाहणाऱ्याला वाटते, यात शिकायचे ते काय? नळी धरली की झाले!

भगिनींनो, सारा घोटाळा या समजुतीत आहे. माणसाची कातडी फुटायला साधारण सात बार दाबही पुरतो, मग दीडशे बारची गोष्टच सोडा. धार बोटाला लागली, तर वर दिसते ते टाचणी टोचल्याएवढे भोक. रक्त फारसे येत नाही, दुखतही नाही. मुलगा हात झटकून पुन्हा कामाला लागतो. पण आत पाणी, घाण आणि कधी कधी साबणाचे औषध मांसात घुसलेले असते. अशा माणसाला मलमपट्टी करून घरी पाठवायचे नसते, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यायचे असते. उशीर झाला तर बोट गमवावे लागते. हे ज्याला कोणी सांगितलेले नाही, तो दवाखान्यात जाणारच नाही.

दुसरी गोष्ट विजेची. ओल्या जमिनीवर उभे राहून विजेचे यंत्र चालवायचे, तर अर्थिंग ठीक हवे आणि गळती होताच वीज तोडणारी खटकी मध्ये हवी. उघडे जोड दिलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली वायर घेऊन जो माणूस आपल्या दारात येतो, त्याचे बाकीचे काम पाहण्याची गरजच नाही.

तिसरी गोष्ट दगडाची. शहाबादी, कोटा, कडप्पा हे सारे चुनखडीचे दगड आहेत. त्यांवर अ‍ॅसिड टाकले की फेस येतो. अडाणी माणूस म्हणतो, “पाहा, मळ कसा निघतोय!” निघत असतो तो मळ नव्हे, दगडच! जुन्या वाड्यांच्या नि इमारतींच्या दगडी भिंतींत चुन्याचे सांधे असतात. सरळ धार मारली की ते भुसभुशीत होऊन गळतात आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी आत येते. म्हणून धारेची तोंडे निरनिराळी असतात आणि ती रंगांवरून ओळखतात. लाल तोंडाची धार सुईसारखी सरळ, पिवळ्याची थोडी पसरट, हिरव्याची अधिक, पांढऱ्याची पंख्यासारखी. आधी कोपऱ्यात हातभर जागा धुऊन पाहायची, लांबून सुरुवात करायची आणि मग जवळ यायचे. हे ज्ञान पुस्तकी नाही, पण ते आपोआपही येत नाही.

आणि चौथी गोष्ट सर्वांत मोठी, टाकीची. जमिनीखालच्या टाकीत हवा कोंडलेली असते. तेथे पेट्रोलवर चालणारा पंप उतरवला, तर त्याच्या धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही. अ‍ॅसिडने घासून लगेच ब्लीचिंग पावडर टाकली, तर क्लोरीन वायू सुटतो. म्हणून आत एक माणूस असेल, तर बाहेर एकाने त्याच्याकडे डोळे लावून बसायचे. आतला कोसळला तर आपण आत उडी घ्यायची नाही, दोराने वर ओढायचे आणि हाका मारायच्या. हे मनाविरुद्धचे शिक्षण आहे. आपला सोबती पडला की माणूस धावतोच. पण अशा ठिकाणी धावणारा दुसराही जातो.

येथे एक कळकळीची विनंती करते. आपण टाकी म्हणतो तेव्हा पाण्याची टाकी वेगळी आणि मैल्याची टाकी वेगळी. पाण्याची टाकी धुवायला आलेल्या मुलांना सोसायटीतले कोणीतरी सहज म्हणते, “जाता जाता तेवढे ड्रेनेजचे चेंबरही पाहा, शंभर-दोनशे रुपये जास्त घ्या.” हे कधीही म्हणू नका. २०१३च्या कायद्याने पुरेशी संरक्षक साधने व खबरदारी यांवाचून गटारात किंवा मैल्याच्या टाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा कामात मृत्यू आलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि ऑक्टोबर २०२३मध्ये ती रक्कम तीस लाख केली. पण ज्या घरचा कर्ता मुलगा गेला, त्या घराला तीस लाखांनी काय मिळते, हे आपणा बायकांना सांगायला नको.

आता दराविषयी. एका सोसायटीत दोन टाक्या, गच्ची आणि जिना एवढे काम होते. माझे कोटेशन साडेसहा हजारांचे, दुसऱ्याचे अडीच हजारांचे. काम अर्थातच त्याला मिळाले. माझ्या साडेसहा हजारांत चार माणसांची मजुरी होती, गाळ उपसण्याचा पंप होता, बूट, चष्मे, हातमोजे होते, विमा होता आणि माणसांना शिकवण्यात गेलेल्या दिवसांचा थोडा भाग होता. त्याच्या अडीच हजारांत दोन पोरे, एक यंत्र आणि अ‍ॅसिडचा कॅन होता. जिन्याच्या शहाबादी फरशीवर पांढरे डाग उठले, ते आजही तसेच आहेत. त्या सोसायटीने चार हजार वाचवले असे हिशेबाच्या वहीत दिसते. फरशीचा खर्च मात्र त्या पानावर कोणी लिहिला नाही.

तो दुसरा धंदेवाला वाईट माणूस होता असे मी म्हणत नाही. त्याने कर्ज काढून यंत्र घेतले होते, हप्ता भरायचा होता, म्हणून मिळेल त्या दरात काम घेतले. उद्या तिसरा येईल आणि दोन हजार म्हणेल. स्पर्धा वाईट नसते. तिच्यामुळे आमच्यासारखे आळसावत नाहीत आणि गिऱ्हाईक लुबाडले जात नाही. परंतु जेथे फक्त आकडा पाहिला जातो, तेथे आकडा उतरवायला प्रत्येक जण काहीतरी काढून टाकतो. पेट्रोल काढता येत नाही, पाणी काढता येत नाही. पहिल्यांदा निघते ते शिक्षण, कारण ते कोटेशनच्या कागदावर दिसत नाही.

दुसऱ्या देशांत काय आहे? ब्रिटनमध्ये जोराच्या पाण्याने काम करणाऱ्यांची संघटना १९८० साली स्थापन झाली. तिने कामाचे नियम बांधले, सुरक्षेचा वर्ग आणि हाताने करून दाखवण्याच्या परीक्षा ठेवल्या. अमेरिकेत हा धंदा फार पसरला आहे, परंतु साऱ्या देशासाठी एक परवाना तेथेही नाही. पुष्कळ ठिकाणी यंत्र विकत घेतले की दुसऱ्या दिवशी धंदा सुरू करता येतो. मात्र धुण्याचे घाण पाणी पावसाच्या गटारातून नदीत सोडण्याला १९७२च्या कायद्याची आडकाठी आहे. आपल्याकडे विजेच्या कामाला वायरमनला परवाना लागतो. प्रेशर मशीन चालवायला तसा परवाना लागत नाही.

मग सरकारने उद्या परवाना सक्तीचा करावा का? मला विचाराल तर मी चटकन ‘हो’ म्हणणार नाही. जाडजूड फी, इंग्रजीतली परीक्षा आणि दहा दाखले अशी अट घातली, तर मोठ्या कंपन्या तेवढ्या उरतील आणि कर्ज काढून यंत्र घेतलेला तो मुलगा रस्त्यावर येईल. परवान्याचा कागद भिंतीवर लावून न शिकलेली माणसे कामाला पाठवणारेही मी पाहिले आहेत. महाग दर म्हणजे शिकलेली माणसे, असेही नव्हे. शिक्षण हवे ते मराठीत, हातात यंत्र देऊन, आठवड्याभरात संपणारे आणि गरिबाला परवडणारे. माझ्याकडे नव्या माणसाला पहिले आठ दिवस धार मारायला देत नाही. यंत्र बंद कसे करायचे, बंद केल्यावर नळीतला उरलेला दाब कसा सोडायचा, हे आधी. सुरू करणे सर्वांत शेवटी.

या शिक्षणाचा एक लाभ असा झाला की जो मी आधी योजला नव्हता. आमच्या धंद्यात बायकांच्या हाती खराटा आणि बादली, पुरुषाच्या हाती यंत्र, आणि यंत्रवाल्याला मजुरी जास्त, अशी रीत होती. सगळ्यांना सारखे शिकवल्यावर दिसून आले की आमच्या दोन मावश्या यंत्र पुरुषांपेक्षा काटेकोर चालवतात. आज त्यांना यंत्राचीच मजुरी मिळते. ‘बायकांना जमत नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘बायकांना कोणी शिकवले नाही’ एवढाच असतो.

आता आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. सोसायटीच्या सभेत कोटेशने येतात तेव्हा आपण गप्प बसतो आणि पुरुषमंडळी आकडे वाचतात. यापुढे दर विचारण्याआधी पाच प्रश्न विचारा. माणसांना कोणी, किती दिवस शिकवले? टाकीत माणूस उतरला तर बाहेर कोण बसणार? कोणते औषध वापरणार आणि आमची फरशी कोणत्या दगडाची आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का? कोणाला इजा झाली तर विमा आहे का? धुतलेले घाण पाणी कोठे सोडणार? ज्याला उत्तरे देता येतील, त्याच्याशीच दराची घासाघीस करा. ती जरूर करा, तो आपला हक्क आहे!

शेवटी मंडळाला एक सूचना. आपले हे सभागृह दुपारी रिकामे असते आणि मागे अंगण आहे. आसपास जिने झाडणाऱ्या, टाक्या धुणाऱ्या ज्या बाया आणि मुले आहेत, त्यांच्यासाठी एक आठवड्याचा वर्ग येथे घेता येईल. यंत्र माझे, शिकवायला मी आणि आमच्या त्या दोन मावश्या येऊ. फी नको. वर्ग झाल्यावर ती माणसे माझ्याशीच स्पर्धा करतील, हे मला कळते. शिकलेल्या माणसाशी स्पर्धा करायला मला आनंदच वाटेल. त्यात निदान कोणाचा हात आणि कोणाचा जीव पणाला लागलेला नसेल.