गोळी मिळाली, भाकरीचे काय?

(महिला मंडळाच्या उपकारस्तुतीच्या सभेत केलेले भाषण)



कोणत्याही मंडळीत गेले की मला पहिला प्रश्न ठरलेला असतो: ताई, यंदा किती औषधे वाटली? प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो, आणि आपण पाठवता त्या प्रत्येक खोक्याबद्दल मी देवाचे आभार मानते. पण आज मला खोक्याविषयी बोलायचे नाही. औषध हातात पडल्यानंतर काय होते, ते सांगायचे आहे.

क्षयरोगाचेच घ्या. गोळ्या सरकार फुकट देते. साधारण सहा महिने रोज घ्यायच्या. तरीही माणसे मध्येच सोडतात. धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या पावरा तरुणाने दोन महिन्यांनी गोळ्या सोडल्या. त्याच्या कागदावर 'सकस आहार, विश्रांती' असे लिहिलेले होते. लिहिणाऱ्याला दोष देत नाही; दवाखान्याच्या टेबलावरून तेवढेच दिसते.

त्याच्या घरात काय होते, ते आमच्या आरोग्य कार्यकर्तीने पाहिले. ती त्याच पाड्यावरची, सातवी शिकलेली, पावरी बोलणारी. उपाशीपोटी गोळी घेतली की त्याला उलटी व्हायची. तो भावांपासून वेगळा झाला होता, पण रेशनकार्ड अजून बापाच्या नावावर. धान्य तिकडेच जायचे. क्षयरुग्णाला आहारासाठी सरकार दरमहा पैसे देते. २०१८ पासून ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पण त्याचे बँक खाते बंद पडलेले, म्हणून एक रुपया आला नव्हता. आणि ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. दिवाळीनंतर नवराबायकोच्या कोयत्याला जाणे भाग होते.

आता यातले औषधाने काय बरे होणार?

या बाईने काय केले? आधी त्याच्या घरी बसून त्याचे ऐकले. मग बाजाराच्या दिवशी जीप मिळते, तेव्हा त्याला घेऊन बँकेत गेली. आधार जोडायला तीन फेऱ्या. एक फेरी तर यंत्र बंद म्हणून वाया गेली. तहसीलच्या पुरवठा शाखेत वेगळ्या कार्डाचा अर्ज दिला. तोवर आमच्या निधीतून तूरडाळ, शेंगदाणे आणि अंडी दिली. आशाताईंना बरोबर घेऊन गोळ्या पुन्हा सुरू केल्या, दोन्ही मुलांची तपासणी करून घेतली. उचल काही तिला माघारी करता आली नाही. तेवढी ताकद तिच्यात नाही, आपल्यातही नाही. मग तिने क्षयरोग विभागाच्या मागे लागून त्याची नोंद गुजरातमध्ये, तो तोडीला जाणार होता त्या भागातल्या आरोग्य केंद्राकडे करून घेतली. दर आठवड्याला फोन. तो होळीला परतला तेव्हा उपचार पूर्ण झाले होते. रेशनकार्ड मात्र त्यानंतर मिळाले.

कुपोषित बाळाच्या आईचे असेच आहे. डॉक्टर सांगतात, बाळाला दोन आठवडे पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवा. आई तिसऱ्या दिवशी उठून घरी येते, आणि लोक म्हणतात, या बायकांना मुलांची किंमत नाही. मला त्याचा राग येतो. घरी आणखी दोन लेकरे असतात, शेळ्या असतात, नवरा मजुरीला गेलेला असतो. शेळ्या कोण सांभाळणार हे ठरवून दिले, तर ती राहते. आमच्या कार्यकर्त्यांनी जावा-नणंदांशी बोलून हे अनेकदा ठरवून दिले आहे.

यात नवे काही नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य जामखेडला गेले, तेव्हा लोकांनी आधी अन्न आणि पाणी मागितले. त्यांनी तेथूनच सुरुवात केली, आणि पुढे गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर आणि दलित होत्या. अलीकडे झारखंडमध्ये मोठा अभ्यास झाला. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. जिथे क्षयरुग्णाबरोबर घरच्यांनाही दरमहा तांदूळ-डाळ दिली, तिथे घरच्यांमध्ये नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. डाळ-तांदळाने!

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याईराच्या मुलीची गोष्ट आहे. सेमिनरीत असताना तिच्या उठण्यावर आम्ही पानेच्या पाने लिहिली. पण ती उठून चालू लागल्यावर प्रभूने घरच्यांना तिला खायला देण्यास सांगितले, यावर परीक्षेत कधी प्रश्न आल्याचे मला आठवत नाही. पाड्यावर काम करू लागल्यापासून मला तेच वाक्य जास्त दिसते.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण चहाच्या वेळी ती विचारली जातेच. या कार्यकर्त्या ज्या घरी जातात, त्यांतली बहुतेक घरे ख्रिस्ती नाहीत. डाळ देताना कुणाला उपासनेला बोलावायचे नाही, हे आम्ही त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. भुकेल्याला अट घालून दिलेले दान प्रभूच्या नावाने देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आता मागणे. औषधे आणि ब्लँकेट यांसाठी अर्पण सहज जमते. वस्तू दिसते, फोटो निघतो. जीपचे भाडे, फोनचा रिचार्ज, कार्यकर्तीचे मानधन यांचा फोटो निघत नाही. पण मानधन थांबले की ती बाईसुद्धा कोयता घेऊन तोडीला जाते. तिलाही घर आहे.

टोळ्या दिवाळीनंतर निघतील. त्याआधी प्रत्येक पाड्यावर औषध चालू असलेल्यांची यादी करून, ते जाणार तिथे त्यांची नोंद लावायची आहे. ज्या मंडळीला एका कार्यकर्तीचे वर्षभराचे मानधन उचलायचे असेल, तिने सभेनंतर खजिनदारांना भेटावे. आणि तरुण संघातल्या ज्यांना बँकेचे आणि आधारचे अर्ज भरता येतात, त्यांनी एक आठवडा धडगावला यावे. मुक्कामाची सोय आम्ही करू. पाड्यावर मोबाईलला रेंज नसते, तेवढे घरी सांगून या.