पहिल्या टेबलाशी अडकलेले तरुण

या ओमतीच्या परिसरात बँकेतील पहिल्याच टेबलाशी अडकलेले अनेक तरुण आहेत. त्यांच्या अस्वस्थतेचे मूळ त्यांच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा खेड्यापाड्यांत पोचल्या आणि कारकुनापुढे बढतीच्या वाटा रुंदावल्या. पुढे २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेऊन सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. खतावणीही संगणकाकडे गेली. ज्या कामांतून नवखा माणूस हा व्यवसाय शिकत असे, नेमकी तीच कामे आटली! म्हणून कर्जदाराचा ताळेबंद वाचण्याचे काम आपण होऊन मागून घ्यावे. ‘जेएआयआयबी’ परीक्षाही द्यावी. उत्तीर्ण होणाऱ्यास वेतनवाढ मिळते. बढतीची हमी मात्र मी देऊ शकत नाही.