चित्र पाहावे, मग नाव घ्यावे

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र संमेलनातील व्याख्यान)



दिनदर्शिकेवर, चौकटीतल्या तसबिरीत, क्वचित शाळेच्या भिंतीवरही एक चित्र आपल्या परिचयाचे झालेले असते. अंधारात एक स्त्री उभी आहे. तिच्या एका हातात दिवा आहे आणि दुसऱ्या हाताचा तळवा तिने ज्योतीला आडोसा म्हणून धरला आहे. हे चित्र कोणाचे, असे विचारताच पुष्कळ ठिकाणी एकच उत्तर मिळते : राजा रविवर्म्यांचे. गुरुजी तसे सांगतात, मुले तसे वहीत लिहितात, आणि ती मुले मोठी झाली की आपल्या मुलांना तेच सांगतात.

हे उत्तर चुकीचे आहे. ते चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. त्यांचा जन्म १८८२ साली सावंतवाडीस झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले, १९०८ साली मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली आणि १९६८ साली त्यांचे निधन झाले. दिवा घेतलेल्या स्त्रीचे हे चित्र त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास रंगविले. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलासंग्रहात आहे. रविवर्म्यांचा मृत्यू १९०६ सालचा. म्हणजे चित्र काढले गेले तेव्हा त्यांना जाऊन चाळीस वर्षे होत आली होती. दोन सने शेजारी शेजारी मांडली की वाद मिटतो.

मग अशी चूक रूढ का व्हावी? त्यास कारण आहे. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो मळवलीस गेला. तेथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी घरोघर पोचल्या. सामान्य माणसाला चित्रकार म्हणून जे एक नाव ठाऊक झाले, ते त्यांचे. तेव्हा सुंदर स्त्रीचे कोणतेही चित्र दिसले की तेच नाव ओठांवर येते. यात रविवर्म्यांचा दोष नाही. दोष आहे तो न पाहता नाव घेण्याच्या सवयीचा. आणि ही सवय मोडण्याची जागा प्राथमिक शाळा हीच होय.

आता चित्राकडे वळू. मुलांना प्रथम एकच प्रश्न विचारावा : उजेड कोठून येतो? ज्योत हाताच्या आड आहे. तरीही ती कोठे आहे हे प्रत्येक मूल बोट ठेवून दाखवू शकेल. चेहऱ्याचा कोणता भाग उजळला आहे, पदराच्या कोणत्या चुण्या अंधारात बुडाल्या आहेत, सावली कोठे पडली आहे, या सर्वांचा माग काढीत नजर त्या एका ठिकाणी येऊन थांबते. मग बोटांकडे पाहावे. ती तांबूस दिसतात. चित्रकाराने ती शोभेसाठी तांबडी केलेली नाहीत. प्रखर उजेड बोटांतून आरपार येऊ लागला की त्यातील निळे-हिरवे किरण रक्तात शोषले जातात आणि तांबडे किरण तेवढे बाहेर पडतात. हळदणकरांनी हे नीट पाहिले होते, म्हणूनच ते त्यांना रंगविता आले.

दुसरी गोष्ट रंगांची. हे चित्र जलरंगातील आहे. रविवर्म्यांची ख्याती मुख्यतः तैलरंगांवर उभी आहे. तैलरंगात आधी गडद रंग देऊन शेवटी वर उजळ रंगाचा हात फिरविता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. तेथे कागदाचा पांढरेपणा हाच उजेड. जेथे प्रकाश हवा तेथे कागद मोकळा किंवा अगदी फिका राखावा लागतो, आणि एकदा गडद रंग बसला की तो उजेड सहसा परत आणता येत नाही. म्हणून कुंचला टेकविण्यापूर्वीच चित्रकाराला उजेडाची जागा ठाऊक असावी लागते. पाटीवर चुकलेले अक्षर पुसता येते. येथे पुसणे नाही. एवढा अंधार रंगवूनही ज्योतीभोवतीची झळाळी राखणे किती अवघड आहे, हे ज्याने एकदा जलरंग हाताळले असतील त्यास सांगावे लागणार नाही.

तिसरी गोष्ट चित्रातील व्यक्तीची. ती देवी नव्हे, पुराणातील नायिकाही नव्हे. ती चित्रकाराची कन्या गीता. दिवाळीच्या दिवसांत हातात दिवा घेतलेली मुलगी वडिलांच्या नजरेस पडली आणि त्यांना चित्र सुचले. त्यासाठी ती सुमारे तीन तास दिवा धरून उभी राहिली होती. वयाची शंभरी ओलांडून २०१८ साली कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. घरात रोज घडणारी एक साधी गोष्ट नीट पाहिली गेली, आणि तिचे हे चित्र झाले. खेड्यातील मुलाला यासारखा दुसरा धडा नाही. त्याच्याही घरी दिवा लागतो, त्याचीही आई वाऱ्यापासून ज्योत जपते.

हे सर्व वर्गात कसे आणावे? यासाठी खर्च लागत नाही. जुन्या दिनदर्शिकेवरील चित्र फळ्याशेजारी लावावे. पहिले काही क्षण कोणीही बोलू नये, गुरुजींनीही नाही. मग मुलांनी जे दिसते तेवढेच सांगावे. ‘छान आहे’ हे उत्तर स्वीकारू नये, काय दिसले ते विचारावे. त्यानंतर दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि विजेरीच्या काचेवर मुलांनी पाळीपाळीने बोटे धरावीत. लहान हातांपाशी उघडी ज्योत आणू नये. बोटे तांबडी झालेली पाहून वर्गात जो आनंद उसळेल, त्यानंतर मुले पुन्हा चित्राकडे वळतील ती निराळ्या डोळ्यांनी. आणि मग, सर्वांत शेवटी, फळ्यावर चित्रकाराचे नाव लिहावे, गाव आणि साल लिहावे. आधी सांगितलेले नाव मुले पाठ करतात. पाहून झाल्यावर कळलेले नाव त्यांच्या लक्षात राहते.

छापील चित्राची मर्यादाही मुलांना सांगावी. छपाईत मूळ रंग बदलतात, आकार बदलतो, कडा कापल्या जातात. जलरंग की तैलरंग हे छापील प्रतीवरून ओळखणे कठीण असते. म्हणूनच खाली छापलेल्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये; साल पडताळावे. ज्या शिक्षकाने आजवर चुकीचे नाव सांगितले असेल, त्याने वर्गासमोर ते मोकळेपणाने दुरुस्त करावे. त्याने गुरुजींचा मान उणावत नाही. चूक कशी सुधारावी हे मुलांना प्रत्यक्ष दिसते.

आणखी एक गोष्ट शाळेच्या अंगणातली आहे. स्नेहसंमेलनात मुलांची चित्रे भिंतीवर लागतात, तेव्हा पुष्कळदा खाली नुसती इयत्ता लिहिलेली असते. कधी चित्रावर मोठ्यांचा हात फिरलेला असतो आणि कौतुक मुलाचे होते, तर कधी एकाच्या चित्रावर दुसऱ्याचे नाव पडते. सावंतवाडीच्या एका मुलाने पुढे काढलेले चित्र असंख्य लोकांनी पाहिले, पण त्याचे नाव वाटेत गळून पडले. आपल्या वर्गात तरी तसे होऊ नये. प्रत्येक चित्राखाली, ते वेडेवाकडे असले तरी, काढणाऱ्या मुलाचे पूर्ण नाव आणि तारीख त्याच्याच हातून लिहून घ्यावी. ज्याला स्वतःच्या कामाखाली नाव लिहिण्याची सवय लागली, तो दुसऱ्याच्या कामाखालचे नावही आदराने वाचील.