लाइक पुसता येतो, स्क्रीनशॉट नाही
(मोहोपाडा येथे दहावी-बारावीच्या मुलामुलींसमोर केलेले भाषण)



नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुस्लिम तरुणीने या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीने त्या 'लाइक' केल्या. दोघींना अटक झाली. जमावाने काकांचा दवाखाना फोडला. पुढे खटला बंद झाला. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६-अ रद्द केले. न्याय आला, पण उशिरा.

म्हणून गप्प बसा, असे मी सांगणार नाही. मत जरूर मांडा, पण शांत डोक्याने. रागात ठेवलेले स्टेटस चोवीस तासांत जाते, स्क्रीनशॉट राहतो.

जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' ॲपवर मुस्लिम महिलांचे फोटो 'लिलावाला' लावले गेले. महिलांनी तक्रारी केल्या, मुंबई पोलिसांनी आरोपी पकडले. मुलींनो, लाज फोटो चोरणाऱ्याला वाटायला हवी, तुम्हाला नव्हे.

कोणी फोटोवरून धमकावले तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, घरी सांगा, सायबर पोलिसांकडे तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३०, वय अठराच्या आत असेल तर १०९८.

मुलांनो, अल्पवयीन मुलीचा अश्लील फोटो ग्रुपवर पुढे ढकलणे हाही गुन्हाच आहे.

आणि अम्मी-अब्बांना एक विनंती: मूल सांगायला आले तर आधी ऐका. मोबाइल हिसकावलात, तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही.